भिंतीतल्या वायरमधून इंटरनेट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पॉवरलाइन अडॅप्टर म्हणजे विजेच्या सॉकेटमध्ये बसणारी छोटी डबी. घरातल्या विजेच्या वायरवरूनच ती नेटवर्कचा सिग्नल पाठवते. एक डबी राउटरजवळ लावायची, दुसरी लांबच्या खोलीत. मधे केबल ओढावी लागत नाही. या अडॅप्टरबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ब्रॉडबँडचा राउटर दिवाणखान्यात आहे आणि कामाची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. वायफाय तिथे पोचेपर्यंत अगदी क्षीण होतं. म्हणून दोन अडॅप्टरचा संच आणला आहे. जोडणी पहिल्यापासून कशी करायची?

उत्तर : दोन्ही अडॅप्टर आधी एकाच खोलीत, शेजारशेजारच्या सॉकेटमध्ये लावा. थेट लांबच्या खोलीत नेऊन लावला आणि चाललं नाही, तर जोडी जुळली नाही की तिथली वायरिंग वाईट आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. जवळ लावले की निदान एक शंका मिटते.

प्लग लावल्यावर मिनिटभर थांबा. पॉवरचा दिवा स्थिर झाला की पहिल्या अडॅप्टरवरचं 'पेअर' बटण एक-दोन सेकंद दाबून सोडा. दिवा लुकलुकू लागेल. त्यानंतर दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं बटण तसंच दाबा. दोन्हींवरचा पॉवरलाइनचा दिवा, ज्यावर बहुधा घराचं किंवा प्लगचं चित्र असतं, लागून राहिला की जोडी जुळली. बटण जास्त वेळ दाबून धरू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये दहाएक सेकंद दाबलं की अडॅप्टर उलट जुनं नेटवर्क सोडून देतो. 'बटण दाबलं आणि होतं तेही गेलं' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. किती सेकंद दाबायचं हे मॉडेलप्रमाणे थोडं बदलतं, तेवढं पुस्तिकेत पाहून घ्या.

आता पहिल्या अडॅप्टरपासून राउटरपर्यंत नेटवर्क केबल लावा. राउटरच्या बाजूला ती 'लॅन' लिहिलेल्या पोर्टमध्येच जायला हवी. 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेला पोर्ट बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी असतो. दुसरा अडॅप्टर कामाच्या खोलीत नेऊन लावा आणि त्याची केबल संगणकाला जोडा. जागा बदलली तरी जुळलेली जोडी तुटत नाही, कारण जोडी जुळताना ठरलेली किल्ली, म्हणजे पासवर्डसारखा गुप्त संकेत, अडॅप्टरच्या आत साठवलेली असते. संगणकावर काहीही टाकावं लागत नाही. अडॅप्टर फक्त डेटा इकडून तिकडे पोचवतो. संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी पत्ता) राउटरच देतो, जणू मधे एक लांब केबलच आहे.

इंटरनेट दिसत नसेल तर संगणकाला मिळालेला आयपी पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणक राउटरपर्यंत पोचलेलाच नाही: केबल, जोडी किंवा सॉकेट यांपैकी कुठेतरी घोटाळा आहे. पत्ता नेहमीसारखा, म्हणजे १९२.१६८ वगैरे असेल, तर पॉवरलाइन बहुधा आपलं काम करते आहे आणि अडचण राउटरच्या पलीकडे शोधायला हवी.

प्रश्न : खोक्यावर १००० मेगाबिट लिहिलं आहे. प्रत्यक्षात ९० च्या आसपास मिळतात. अडॅप्टर खराब आहे का?

उत्तर : खराब असेलच असं नाही. खोक्यावरचा आकडा हा आदर्श वायरवरचा कच्चा वेग असतो. त्यातून चुका दुरुस्त करण्यासाठीची जादा माहिती आणि नियंत्रणाचे संदेश वजा होतात. शिवाय वायर एकच असल्यामुळे एका वेळी एकच अडॅप्टर बोलू शकतो. पाठवणं आणि घेणं त्याच वेळेत वाटून घ्यावं लागतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन अडॅप्टरमधला जोडवेग दिसतो. प्रत्यक्ष कामाचा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. जोडवेग ३०० दिसत असेल आणि हातात १२० येत असतील, तर त्यात बिघाड नाही.

तुमच्या आकड्यात मात्र एक खूण आहे. वेग ९० ते ९५ च्या दरम्यान अडकून बसतो आणि कोणत्याही सॉकेटला लावला तरी हलत नाही, तर संशय वायरिंगवर घेऊ नका, पोर्टवर घ्या. १०० मेगाबिटच्या पोर्टमधून प्रत्यक्षात जास्तीत जास्त इतकंच मिळतं. ५०० किंवा ६०० लिहिलेल्या कित्येक अडॅप्टरना १०० चाच पोर्ट दिलेला असतो, ही गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात असते आणि खरेदी करताना ती पाहायलाच हवी. तुमच्या १००० च्या मॉडेलला गिगाबिट पोर्ट असणार. तेव्हा राउटरचा पोर्ट, संगणकाचा पोर्ट आणि केबल तपासा. गिगाबिटसाठी केबलमधल्या आठही तारा जोडलेल्या लागतात. एखादी तुटली किंवा केबल चारच तारांची असली, तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते. 'कॅट ५ई' किंवा त्यावरच्या दर्जाची केबल लावून पुन्हा मोजा.

मोजताना इंटरनेटच्या स्पीड टेस्टवर विसंबू नका. त्यात ब्रॉडबँडचा वेगही मिसळतो. राउटरला केबलने जोडलेल्या एका संगणकावर 'आयपर्फ' हा मोफत प्रोग्राम सर्व्हर म्हणून चालवा आणि पलीकडच्या खोलीतल्या संगणकावरून त्याला जोडा. दोन्ही दिशांनी मोजा, कारण जाण्याचा आणि येण्याचा वेग सारखा नसतो. ज्या टोकाजवळ विद्युत गोंगाट जास्त, त्या टोकाला ऐकू कमी येतं. मोठी फाइल कॉपी करून मोजत असाल, तर सेकंदाला ११ मेगाबाइट म्हणजे सुमारे ९० मेगाबिट हे लक्षात असू द्या.

प्रश्न : सॉकेट कमी आहेत. अडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डावर लावला तर चालेल ना?

उत्तर : शक्यतो नाही. आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक झटक्यांपासून उपकरणं वाचवणारा भाग) असलेल्या बोर्डावर तर नाहीच.

कारण समजून घेण्यासारखं आहे. वीज ५० किंवा ६० हर्ट्झवर वाहते, तर अडॅप्टरचा सिग्नल साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. होमप्लग एव्ही हे अशा अडॅप्टरांचं एक मानक आहे; त्याच्या नव्या एव्ही२ प्रकारात तो ८६ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. सर्ज प्रोटेक्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या मधे गोंगाट गाळणारा कपॅसिटर बसवलेला असतो. ०.१ मायक्रोफॅरडचा असा कपॅसिटर ५० हर्ट्झच्या विजेला सुमारे ३२ हजार ओहमचा अडथळा करतो, म्हणजे विजेच्या दृष्टीने तो जवळजवळ नसल्यासारखाच. पण १० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला त्याचा अडथळा एक पंचमांश ओहमपेक्षाही कमी. सिग्नलसाठी फेज आणि न्यूट्रल चक्क एकमेकांना चिकटवल्यासारखे होतात आणि तो तिथेच संपतो. प्रोटेक्टर आपलं काम चोख करतो. आपल्याला हवा असलेला सिग्नलही त्याला गोंगाटच वाटतो.

सॉकेट कमी असतील तर वर सॉकेट असलेला, म्हणजे पासथ्रू प्रकारचा अडॅप्टर घ्या. तो भिंतीत लावा आणि एक्स्टेन्शन बोर्ड त्याच्या सॉकेटमध्ये लावा. त्या सॉकेटच्या आत फिल्टर असतो, त्यामुळे बोर्डावरच्या चार्जरांचा गोंगाट वायरीत येत नाही. नुसत्या अडॅप्टरपेक्षा ही रचना बरेचदा चांगली चालते. त्यावर किती अँपिअर चालतात ते अडॅप्टरवर छापलेलं असतं. हीटर, इस्त्री, गीझर अशी जड उपकरणं त्याच्यावर लावू नका.

आणखी एक. तीन पिनांचा अडॅप्टर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावू नका. एव्ही२ची बरीच मॉडेलं फेज-न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तारही सिग्नलसाठी वापरतात. अर्थिंग तुटलं की तो दुसरा मार्ग बंद होतो आणि वेग पडतो. सॉकेटला अर्थिंग मुळातच नसेल, तर वेगाचं पुढे पाहू. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

प्रश्न : दिवसा वेग चांगला असतो, संध्याकाळी निम्म्यावर येतो. कधी कधी तर मिनिटभर जोडणीच तुटते. का?

उत्तर : संध्याकाळी घरात काय काय चालू होतं, त्यात उत्तर आहे. स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर, दिव्यांचे डिमर, तसंच मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, हेअर ड्रायर यांसारख्या ब्रशच्या मोटरची उपकरणं वायरीत भरपूर गोंगाट सोडतात. पॉवरलाइन आपला पट्टा शेकडो बारीक वाहक लहरींमध्ये विभागते. मूळ होमप्लग एव्हीमध्ये त्या १,१५५ असतात आणि हौशी रेडिओसारख्यांसाठी काही बंद ठेवून त्यातल्या ९१७ वापरल्या जातात. प्रत्येक लहरीवर किती माहिती लादायची हे अडॅप्टर सतत तपासून ठरवत राहतो. गोंगाट वाढला की तो बिघडलेल्या लहरींवरचा भार कमी करतो. म्हणून वेग आधी पडतो आणि जोडणी अगदी शेवटी तुटते. उपकरण चालू होतानाच तुटत असेल, तर त्या अचानक धक्क्याशी जुळवून घ्यायला अडॅप्टरला थोडा वेळ लागतो आहे.

दोषी शोधायला घाई करू नका. अडॅप्टरच्या सॉफ्टवेअरमधला जोडवेग समोर ठेवा आणि घरातली उपकरणं एकेक करून बंद करा. नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा. बंद चार्जरचा कपॅसिटरही सिग्नल गिळतो. आधी त्याच स्विचबोर्डावरच्या वस्तू, मग त्या खोलीतल्या, मग बाकीच्या. गोंगाट अडॅप्टरच्या जितका जवळ तितका तो जास्त त्रास देतो, त्यामुळे उत्तर बहुधा पहिल्या दोन-चार वस्तूंतच सापडतं. सापडलेली वस्तू दुसऱ्या बोर्डावर हलवा, किंवा पासथ्रू अडॅप्टरच्या फिल्टरमागे टाका. दिवा असेल तर चांगल्या प्रतीचा बसवा.

प्रश्न : खाली-वर दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर जोडी जुळते, वर नेली की पॉवरलाइनचा दिवाच विझतो. भिंतीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या दोन सॉकेटमध्येही एकदा असंच झालं.

उत्तर : अंतर भिंतीतून मोजायचं नाही, वायरीतून मोजायचं. एका खोलीची वायर मुख्य डीबीपर्यंत, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीपर्यंत, जाते आणि तिथून दुसऱ्या खोलीची वायर परत येते. पाठीला पाठ लावलेल्या दोन सॉकेटमध्ये वायरीचं अंतर तीसेक मीटर असू शकतं.

तुमच्याकडे तीन फेजची जोडणी असेल, तर वरचा मजला दुसऱ्या फेजवर असण्याची दाट शक्यता आहे. वेगळ्या फेजमध्ये थेट जोड नसतो. वायरी एकाच पाइपातून किंवा डीबीत शेजारून जातात म्हणून थोडा सिग्नल पलीकडे झिरपतो. कधी तो पुरतो, कधी नाही. आधी वरच्या मजल्यावरचं प्रत्येक सॉकेट वापरून पाहा. त्याच मजल्यावरचे दोन पॉइंट वेगवेगळ्या फेजवर असू शकतात. राउटरकडचा अडॅप्टरही हलवून पाहा. नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा राउटर जागेवर ठेवून अडॅप्टर पाच-दहा मीटर दूरच्या सॉकेटला लावायला काहीच हरकत नाही. यातलं काही साधलं नाही, तर डीबीत फेज कपलर (एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्या फेजवर पोचवणारा भाग) बसवता येतो, किंवा त्या खोलीचं सर्किट राउटरच्या फेजवर घेता येतं. दोन्ही कामं परवानाधारक इलेक्ट्रिशियनचीच. डीबी स्वतः उघडू नका.

मजल्यांना वेगळे मीटर असतील, तर पॉवरलाइनवर भिस्त ठेवू नका. कधी कधी चालतं, पण आज चाललं म्हणून उद्या चालेल असं नाही. तिथे एकदाच नेटवर्क केबल ओढून घ्या. तसंही, जिथे केबल नेता येते तिथे केबलच नेणं आम्ही नेहमी सुचवू. पॉवरलाइन ही ती नेता येत नाही तिथली सोय आहे.

प्रश्न : आम्ही सोसायटीत राहतो. शेजाऱ्यानेही असाच अडॅप्टर लावला तर तो आमच्या नेटवर्कमध्ये येईल का?

उत्तर : तुम्ही बटण दाबून जोडी जुळवली नसेल तर येऊ शकतो. मीटर हा सिग्नलला पक्का बांध नाही. होमप्लग एव्हीचे अडॅप्टर १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने माहिती कुलूपबंद करतात, पण अनेक संच कारखान्यातून एकाच ठरावीक किल्लीवर निघतात. डब्यातून काढून लावले आणि काहीही न करता चालू झाले, तर ते बहुधा त्याच किल्लीवर चालले आहेत. पेअर बटणाने नवी, यादृच्छिक किल्ली तयार होते. तेव्हा चालत असलं तरी बटणाचा विधी कराच. शेवटी सॉफ्टवेअरमध्ये आपल्या नेटवर्कवर किती अडॅप्टर दिसतात ते मोजा. अडॅप्टर कुणाला देऊन टाकताना तो रीसेट करून द्या.

प्रश्न : जुना ५०० चा संच आहे. आता १२०० चा घेतला तर दोन्ही एकत्र चालतील?

उत्तर : दोन्ही होमप्लग एव्ही आणि एव्ही२ कुळातले असतील तर चालतील, कंपन्या वेगळ्या असल्या तरीही. नवा जुन्याशी बोलताना जुन्याच्या वेगाने बोलेल, नवे दोन आपापसात आपल्या वेगाने. पण वायर सगळ्यांची एकच असल्यामुळे संथ अडॅप्टर तीच फाइल पाठवायला जास्त वेळ वायर अडवून धरतो आणि तेवढा वेळ नव्यांना थांबावं लागतं. जुन्यावर प्रिंटरसारखं हलकं काम ठेवा.

खोक्यावर 'जी.एचएन' लिहिलं असेल तर मात्र थांबा. ते आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं) वेगळं मानक आहे. होमप्लगशी ते बोलत नाही आणि एकाच घरात दोन्ही लावले तर एकमेकांच्या आड येतात. जी.एचएन घ्यायचं तर सगळे अडॅप्टर त्याच प्रकारचे घ्या.

प्रश्न : लांबच्या खोलीतल्या अडॅप्टरला जुना वायफाय राउटर जोडला. सुरुवातीला छान चाललं, मग घरातल्या कोणत्याही उपकरणाचं इंटरनेट मधूनच जाऊ लागलं.

उत्तर : यात पॉवरलाइनचा दोष नाही. घरात आता पत्ते वाटणारे दोन राउटर झाले आहेत. एखाद्या उपकरणाने पत्ता मागितला की जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता लागतो. जुन्या राउटरचं उत्तर आधी आलं, तर बाहेर जायचा रस्ता म्हणून तो स्वतःचंच नाव सांगतो, आणि त्याच्याकडे इंटरनेट नाही.

अडॅप्टरची केबल काढा आणि जुना राउटर एकट्या संगणकाला जोडून त्याचं सेटिंग उघडा. आधी त्याचा लॅन पत्ता बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. हा पत्ता मुख्य राउटरच्या वाटपाच्या यादीत नसावा. मग डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करून सेव्ह करा. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखेच ठेवा, चॅनेल वेगळा: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी जो मुख्य राउटर वापरत नाही तो. आता अडॅप्टरची केबल जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये नाही. सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल तर यातलं बरंचसं एका खुणेत होतं; त्या वेळी केबल कुठल्या पोर्टला लावायची ते पुस्तिकेतच पाहा.

त्या राउटरने वायफायवरूनही मुख्य राउटरशी जोडणी केलेली नसावी. एक रस्ता वायरीतून आणि दुसरा हवेतून असा फेरा तयार झाला, तर तेच संदेश गोल फिरत राहतात आणि काही सेकंदांत सगळं नेटवर्क ठप्प होतं. राउटरचे सगळे दिवे एका तालात वेगाने लुकलुकू लागले की फेरा झाला असं समजा आणि एक केबल काढा.

प्रश्न : अडॅप्टर लावल्यापासून टेलिफोन वायरीवरचं ब्रॉडबँडच तुटू लागलं आहे.

उत्तर : तुमची लाइन व्हीडीएसएल (टेलिफोन वायरीवरच्या वेगवान ब्रॉडबँडचा प्रकार) असेल तर हे शक्य आहे. तिचा नेहमीचा पट्टा १७ मेगाहर्ट्झच्या पुढे जातो आणि पॉवरलाइनही तिथेच बोलते. मोडेमची टेलिफोन वायर विजेच्या वायरीला समांतर जात असेल तर वेगळी करा. चपटी लांब वायर काढून पीळ असलेली आणि शक्य तितकी आखूड वायर लावा. अडॅप्टर मोडेमपासून दूरच्या सॉकेटला न्या. खात्री करायची असेल तर अडॅप्टर तासभर काढून ठेवा आणि मोडेमच्या पानावर चुकांचा आकडा वाढतो का ते पाहा. फायबरच्या लाइनला हा त्रास होत नाही.

प्रश्न : अडॅप्टरला जोडलेला प्रिंटर रोज सकाळी सापडत नाही. प्लग काढून लावला की सापडतो.

उत्तर : प्रिंटर झोपला की त्याचा नेटवर्क पोर्ट बंद होतो. पोर्टवर कुणी नाही असं पाहून काही मिनिटांत अडॅप्टरही वीज वाचवण्यासाठी झोपतो. मग प्रिंटरला उठवणारा संदेश त्याच्यापर्यंत पोचतच नाही. सॉफ्टवेअरमध्ये 'पॉवर सेव्हिंग' बंद करा. ती सोय नसेल, तर अडॅप्टर आणि प्रिंटरच्या मधे एक छोटा नेटवर्क स्विच लावा. स्विच पोर्ट सतत जागा ठेवतो, म्हणून अडॅप्टर झोपत नाही.